उसिरु बिडी

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते, विशेषतः रागात असले की. आणि ही हकीकत सांगताना मी रागातच आहे, तेव्हा साईनाथ हे नाव पुष्कळदा येईल.

साईनाथ संकेश्वरकडच्या एका साखर कारखान्यात ऑफिसात आहे. आम्ही राहतो निपाणीत. मी इथल्याच एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. आमची एकुलती एक मुलगी ऋतिका, फार्मसी झालेली. आणि घरात साईनाथची आई, बायाक्का. मी त्यांना आत्ती म्हणते. आत्तींनी उमेदीची सगळी वर्षं बिड्या वळल्या. निपाणीत यात लपवण्यासारखं काही नाही. तंबाखूचं गाव आहे, आमच्या गल्लीत तर एकेकाळी दर उंबऱ्याला एक बाई सूप मांडीवर घेऊन बसलेली असायची. सुपात जर्दा, ओल्या फडक्यात पानं, पान मापात कापायला पत्र्याचा तुकडा आणि कात्री. त्या सुपाच्या कडेला झोपून साईनाथ मोठा झाला, शिकला, शर्ट खोचून ऑफिसात जायला लागला.

वळणं बंद झालं तरी आत्तींनी ते सूप सोडलं नव्हतं. त्यात तांदूळ निवडायच्या, शेंगा सोलायच्या, आणि काहीच काम नसलं तर दुपारी ते नुसतं मांडीवर घेऊन बसायच्या. मांडीला त्याची सवय झाली होती.

गेल्या वर्षी ऋतिकाला बेळगावचं स्थळ आलं. मुलगा सौरव, बंगळूरला कंपनीत. पोरीला मुलगा आवडला, मुलाला पोरगी आवडली, आमच्या अंगाला तोशीस नाही. पण पाहुणे घर बघायला येणार म्हटल्यावर साईनाथच्या अंगात आलं. पडदे बदलले, जुनं कपाट माळ्यावर गेलं. आणि एका दुपारी मी शाळेत, आत्ती देवळात, ऋतिका मैत्रिणीकडे असताना या माणसानं आईचं सूप मोडून न्हाणीच्या चुलीत घातलं. पत्रा आणि कात्री भंगारवाल्याला दिली.

संध्याकाळी राखेत सुपाची अर्धी जळलेली कड मला सापडली. ती मी तशीच चिमट्यात धरून बाहेर आणली आणि आत्तींच्या देखत त्याला विचारलं. तो म्हणाला, सुपाला तंबाखूचा वास येत होता. वर म्हणाला, पाहुण्यांना मी काय सांगू, माझी आई बिड्या वळायची म्हणून? आपण शेतीवाले आहोत एवढं पुरे. आणि आजपासून या घरात बिडी हा शब्द नको.

आत्ती त्या कडेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी समोरचं ताट उचलून भिंतीवर मारलं.

तिथून सुरू झालं. कधी न ओरडणारी बाई दिवसातून तीनदा ओरडायला लागली. साईनाथ दिसला की विचारायच्या, "माझं सूप का जाळलंस?" आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, धाप लागायची, पुढचे शब्द तोंडातच राहायचे. आणि आता माझ्या डोक्यात आजही जाळ होतो ती गोष्ट. बाहेरचं कुणी बसलेलं असलं की साईनाथ त्यांच्याकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, कुठलं सूप? वय झालं की असं होतं. माणसं मान हलवायची. बिचारी, म्हणायची. जाळलं त्यानं, आणि वेडी ठरली ती. मी मध्ये पडले की, तूच तिला चढवतेस, हे मला ऐकायला मिळायचं. मी पण ताट मारायला हवं होतं, पण दोन ताटं एकदम भिंतीवर गेली असती तर आमच्या घराचीच रवानगी दवाखान्यात झाली असती.

साखरपुडा ठरला. घरातच करायचा होता. साईनाथनं फर्मान काढलं: आईचं डोकं तोवर ताळ्यावर आलं तर ती पुढच्या खुर्चीत बसेल. नाहीतर त्या दिवशी तिची संकेश्वरला मालुबाईकडे पाठवणी. मालुबाई त्याची थोरली बहीण. म्हणजे नातीच्या साखरपुड्याला आजी घरात नाही, का, तर ती तिच्या सुपाबद्दल विचारते.

त्यानं आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे झोपेच्या गोळ्याच मागितल्या होत्या. डॉक्टर शहाणा निघाला. म्हणाला, गोळ्या नकोत, बेळगावात एक अभ्यास चाललाय, म्हाताऱ्या माणसांना ध्यानाचा श्वास शिकवतात आणि त्याचा मेंदूवर काय परिणाम होतो ते यंत्रावर बघतात. घेऊन जा. साईनाथला ते पसंत पडलं. आईचं डोकं शांत झालं की नाही हे यंत्रच सांगणार, मग बायकोचं कोण ऐकतो.

म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आणि आत्ती बेळगावच्या बसमध्ये.

खोटं कशाला बोलू, ती जागा मला आवडली. पांढरी खोली, पंखा हळू, एक आरामखुर्ची. मनिषा नावाची बेळगावजवळच्या काकतीची मुलगी तिथं यंत्रावर होती. ती आत्तींचे केस विंचरल्यासारखे बाजूला करून डोक्याला गार मलम लावायची आणि टोपी चढवायची. टोपीला बारीक वायरी. पडद्यावर त्या वायरींच्या रेघा पळायच्या. मनिषानं मला समजावून सांगितलं, मेंदूच्या आत बारीकशी वीज सारखी खेळत असते, ती कवटीवरून टिपता येते. माणूस काळजीत असलं की रेघा बारीक आणि दाटीवाटीच्या. डोळे मिटून, पोट भरून श्वास घेतला आणि घेतल्यापेक्षा सावकाश सोडला की डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघा मोठ्या होतात, संथ होतात. श्वास सोडताना काळजाचे ठोकेही कमी होतात. म्हणून सगळा जोर सोडण्यावर, असं ती म्हणाली. मी बाजूच्या खुर्चीत बसून तसं केलं तर मला तिथंच डुलकी लागली. तेव्हा दोष श्वासाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

सूचना स्पीकरवरून यायच्या. बाईचा आवाज, गोड, रेडिओवरच्या बातम्यांसारखी स्वच्छ बंगळुरी कानडी. "उसिरु तगोळ्ळी," म्हणजे श्वास घ्या. मग थांबून, लांबवून, "उसिरु बिडी." म्हणजे श्वास सोडा.

आत्ती श्वास घ्यायच्या तेव्हा पडद्यावर सगळं ठीक. सोडायला सांगितलं की रेघा उसळायच्या. काळ्या जाडजूड, काटेरी झुडपासारख्या. परत घ्यायला सांगितलं की खाली. परत सोडा म्हटलं की वर. बाकीची म्हातारी माणसं सोडताना निवायची, आमच्या आत्ती सोडताना पेटायच्या. मनिषा म्हणायची, आज्जी, दात आवळू नका, दात आवळले की जबड्याची वीज मेंदूच्या रेघांत मिसळते. आत्ती मान डोलवायच्या आणि परत आवळायच्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायचा तो वेगळाच.

तिथले मोठे डॉक्टर नागेंद्र. त्यांनी पडदा बघितला आणि साईनाथला फोनवर कळवलं की अजून अस्वस्थपणा बराच आहे. झालं. साईनाथ रात्री जेवताना म्हणाला, मालुबाईला सांगून ठेवतो. आत्ती ताटावरून उठल्या.

पुढच्या शनिवारी परतताना बस संकेश्वरला थांबली. मालुबाईचं घर स्टँडच्या मागेच. आत्तींनी खिडकीतून तिकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, मला हितंच टाकणार न्हवं? मी म्हटलं, नाही. मग जरा चिडूनच विचारलं, आत्ती, श्वास सोडताना तुम्हाला होतं काय नेमकं?

गाडी सुटल्यावर आत्ती बोलल्या. "ती बाई बिडी म्हंती गं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी बसमध्ये हसले, आणि हसता हसताच त्यांचा हात धरला.

जन्म गेला आमचा कानडीत. बाजारात कानडी, तहसीलला कानडी, शेजारीण कानडी. पण आमच्या भागातली कानडी म्हणते "बिड्री". सोडा हो, या अर्थानं. तो शब्द हजारदा ऐकला तरी कानाला कधी टोचला नाही. पुस्तकी बंगळुरी कानडी म्हणते "बिडी". एवढासा 'र' काय तो गेला, आणि जो शब्द मुलानं घरात बंद केला तोच शब्द एक गोड बाई पांढऱ्या खोलीत, कानाशी, लांबवून लांबवून, परत परत म्हणत होती.

आत्ती म्हणाल्या, "मला कानडी येतंय की. अर्थ कळतोय. पर कानात श्वास जात न्हाई, बिडीच जाती. मग अंगठा वळाय लागतोय. मग मांडी मोकळी लागती. मग त्यो सूप जाळताना दिसतोय." आणि बाहेर बघत म्हणाल्या, "दात आवळू नको तर काय करू?"

त्या आठवड्यात मी शाळेत पोरांवर विनाकारण खेकसले.

शनिवारी गेल्या गेल्या मी डॉक्टर नागेंद्रांना गाठलं आणि सगळं सांगितलं. सुपासकट. माणूस वाईट नाही, पण घाईतला. ते म्हणाले, मॅडम, श्वास सगळ्या भाषांत सारखाच असतो. आणि तुम्ही काळजी करू नका, त्या उसळ्या आम्ही मोजतच नाही, जबड्याच्या आहेत, काढून टाकतो. म्हणजे काय, मी विचारलं. त्यांनी पडद्यावर दाखवलं. काळ्या झुडपाच्या अलीकडे एक खूण, पलीकडे एक खूण, बटण दाबलं, झुडूप गायब. दोन्हीकडच्या संथ रेघा एकमेकींना येऊन चिकटल्या. त्याला ते कचरा म्हणत. तसाच शब्द होता त्यांचा, कचरा साफ करून घेतो.

माझं टाळकंच सटकलं. आख्ख्या बाईतला तेवढाच तर भाग खरं बोलत होता, आणि तो हे डॉक्टर पुसून टाकणार. साईनाथनं दुसरं काय केलं होतं? नको ते मोडायचं, चुलीत घालायचं, आणि उरलेलं पाहुण्यांना दाखवायचं, की बघा किती स्वच्छ. मी डॉक्टरांना हे तोंडावर बोलले. मोठ्यानं बोलले. बाहेरच्या बाकावरचे म्हातारे वाकून बघायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही तिचा राग कापताय आणि राहिलेल्याला शांती म्हणताय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता बाहेर काढतात. ते मनिषाला म्हणाले, "यांना मराठीतून सूचना दे. आजच्या आज."

मनिषानं तिथंच मोबाइलवर आवाज भरला. तिचा आवाज रेडिओसारखा नव्हता, जरा घोगरा होता, आणि म्हणायची ढब काकतीची. "श्वास घ्या आज्जी. आता सोडा. सावकाश सोडा." आत्तींनी घेतला. सोडला. मी पडद्याकडे बघत होते. मी देवाला फारसं काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं. झुडूप आलं नाही. परत घेतला, परत सोडला. रेघा मोठ्या व्हायला लागल्या, पाठीमागच्या आधी, मग पुढच्या. अंगठा मांडीवर पडून राहिला. डॉक्टर मागे उभे होते. त्यांनी बटणाला हात लावला नाही.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी तसंच. घरीही आत्ती पहाटे उठून भिंतीला टेकून बसायला लागल्या. ओरडणं थांबलं. डॉक्टरांनी साईनाथला कळवलं की तुमच्या आईच्या मेंदूत फारच चांगला बदल दिसतोय. साईनाथ असा फुलला की विचारू नका. पाहुण्यांना फोन, भावकीला फोन, कारखान्यात पेढे. यंत्रावर सिद्ध झालं म्हणे, आईचं डोकं आता एकदम शांत. जणू श्वास यानंच घेतला होता.

मलाच धाकधूक लागली. मला वाटलं, निवल्या की काय या? तेवढ्यासाठी मी भांडले का? की श्वास घ्या, श्वास सोडा आणि जाळलेलं सूप विसरा? शेवटच्या फेरीला बसमध्ये मी त्यांना सरळ विचारलं, आत्ती, राग गेला तुमचा?

आत्ती म्हणाल्या, "न्हाई गं. हाय तितकाच हाय. पर आता बोलताना धाप लागत न्हाई."

साखरपुड्याला आत्ती पुढच्या खुर्चीत बसल्या. नवं इरकल, सासऱ्यांच्या माघारी नाकात नथ नाही पण कपाळ भरलेलं दिसावं अशी ताठ मान. मालुबाई संकेश्वरहून आली होती आणि आईला पुढं बसलेलं बघून डोळे पुसत होती. ओटी भरली, अंगठ्या झाल्या, ऋतिका हसत होती. मी ताटल्या फिरवत होते. साईनाथ सौरवच्या वडिलांना शेतीबद्दल सांगत होता, जी आमच्याकडे एक पट्टीभर आहे आणि तीही वाट्यानं दिलेली.

सौरवची आई आत्तींच्या शेजारी बसली होती. साधी बाई, बँकेतून रिटायर झालेली. तिनं सहज विचारलं, आज्जी, तुम्ही तरुणपणी काय करत होता?

आत्तींच्या आधी साईनाथच बोलला. शेती, म्हणाला. आमची आई शेतातच राबली.

खोलीत हसणं-बोलणं चालूच होतं. मी आत्तींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले. पोट भरून श्वास घेतला. साईनाथनं ते बघितलं आणि कौतुकानं सौरवच्या वडिलांना खुणावलं, बघा, ध्यान.

आत्तींनी श्वास सोडला, सावकाश, लांबवून, आणि सोडतानाच म्हणाल्या, "बिडी."

खोली हळूहळू गप्प झाली. आत्तींनी डोळे उघडले. आवाज इतका खालचा की मागची माणसं पुढे सरकली.

"शेतात न्हाई गेलो मी कधी. बिड्या वळत होतो. ह्या घराच्या उंबऱ्यात बसून. ह्येला, मालूला बिड्यांवर वाढवलं. ऋतिकाचं बारसं झालं तवाबी मांडीवर सूपच होतं."

साईनाथ हसला. तेच जुनं हसू, पाहुण्यांकडे बघून. म्हणाला, वय झालं की जरा असं होतं...

"डोकं शांत हाय माझं," आत्ती म्हणाल्या. "तूच सांगितलास की सगळ्यांना. यंत्रावर बघून."

हे तर खरंच होतं. खोलीतल्या प्रत्येक माणसाला साईनाथनं स्वतः फोन केला होता. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा सापडेना त्याला. मालुबाईनं पदर तोंडाला लावला. माझ्या हातात पोह्यांची ताटली होती आणि ती मी कुणाला देणार होते ते मी विसरले.

सौरवची आई तेवढी मोकळी होती. तिला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. ती आत्तींच्या हाताकडे बघत म्हणाली, मी कधी बघितलं नाही हो कसं करतात ते. अजून आहे का ते सूप? बघायला मिळेल?

आत्तींनी तिच्या हातावर हात ठेवला. मग मान वळवून लेकाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजात कंप नव्हता. इतके महिने जे ओरडून विचारलं आणि जे कुणी ऐकलं नाही, ते त्यांनी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

"सूप कुठं हाय रं साईनाथ?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. सौरवनं, ऋतिकानं, सौरवच्या वडिलांनी. त्यानं माझ्याकडे बघितलं. पंचवीसेक वर्षांच्या संसारात अशा वेळी मी काहीतरी बोलून सावरून घेत आले. चहा आणते, म्हणायचे. त्या दिवशी मी ताटली खाली ठेवली आणि हाताची घडी घातली.

साईनाथनं श्वास घेतला. छाती भरून आली, खांदे वर गेले. मानेची शीर दिसायला लागली. घेतलेला श्वास त्याला सोडता येईना.

"सोड," आत्ती म्हणाल्या. "सावकाश सोड. आम्ही बसलोय."